शिक्षकांची शाळा

शाळेत विद्यार्थी शिकतात आणि शिक्षक शिकवतात, ही समजूत इतकी रूढ झालेली आहे की, शिक्षकही शाळेत शिकत असतात आणि तेही बहुधा एकमेकांकडूनच, असे कोणी सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. तास संपल्याची घंटा झाली की गुरुजी आणि बाई खडू-पुस्तके घेऊन शिक्षकांच्या खोलीकडे वळतात. त्या खोलीच्या दारापर्यंत विद्यार्थ्यांची दृष्टी पोहोचते. पलीकडे काय चालते याविषयी मात्र त्यांच्या मनात तऱ्हेतऱ्हेच्या कल्पना असतात. तेथे चहा होतो, वह्या तपासल्या जातात, वेळापत्रकावरून थोडीफार कुरकूरही होते, हे खरे. परंतु ज्या शाळेत ती खोली खऱ्या अर्थाने जागी असते, तेथे आणखी एक काम चालते, आणि त्या कामावर वर्गातील शिकवण्याचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो. ते काम म्हणजे शिक्षकांनी परस्परांच्या अनुभवाचा, चुकांचा आणि युक्त्यांचा सांभाळलेला साठा. त्याचे स्वरूप काय, त्याची परंपरा कोणती आणि आपल्यासारख्या लहान शाळांना त्याची गरज का आहे, हे विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम शिक्षकाच्या धंद्यातील एक विचित्र गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अवघड रोगी आला की डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. वकिलाचे काम तर भर न्यायालयात, दहा वकिलांच्या देखत चालते. गवंड्याने बांधलेली भिंत जाणारा-येणारा पाहतो, आणि ती तिरकी झाली तर सोबतचा गवंडी तत्क्षणी बोलून दाखवतो. आपल्या अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात आलेला मालसुद्धा उघड्यावर, अनेकांच्या नजरेखालून जातो, आणि मगच त्याची किंमत होते. शिक्षकाचे काम मात्र चार भिंतींच्या आत, दार लोटून घेऊन चालते. पाहणारे असतात ते विद्यार्थी; आणि शिकवणे बरे की वाईट हे त्यांना जाणवत असले तरी ते का तसे झाले हे सांगण्याचे त्यांचे वय नसते. एखाद्या शिक्षकाने वीस वर्षांच्या परिश्रमाने अपूर्णांक समजावण्याची उत्तम रीत शोधून काढली, तरी शेजारच्या वर्गात तिची वार्ता पोहोचत नाही, आणि तो शिक्षक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर ती रीतही शाळेबाहेर पडते. नव्याने आलेल्या शिक्षकाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. ही हानी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा हिशेबही कोणी मांडत नाही.

हे एकाकीपण मोडण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुन्या काळापासून झालेला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातर्फे ‘मराठी शालापत्रक’ नावाचे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. खेडोपाडीच्या शाळांत एकटे काम करणाऱ्या पंतोजींना अध्यापनविषयक मजकूर घरबसल्या मिळावा, ही त्यामागील कल्पना. ज्या काळी आगगाडी मोजक्याच गावांना पोहोचली होती, त्या काळी टपालाने येणारे असे मासिक म्हणजे दूरच्या शिक्षकाची एक प्रकारे सोबतच होती.

परंतु शिक्षकांच्या सहकार्याचे आपल्या भाषेतील सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. विष्णुशास्त्री सरकारी नोकरी सोडून आलेले, तर टिळक-आगरकर नुकतेच विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण. या मंडळींची थोरवी आपण सामान्यतः राजकारणाच्या आणि वाङ्मयाच्या अंगाने वाचतो. ते आधी एका शाळेचे शिक्षक होते, एकमेकांचे सहकारी होते, हे आपल्या ध्यानी फारसे राहत नाही. टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत. आपटे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचा अभ्यासक आजही आधार घेतात.

या सहकार्याची कसोटी लवकरच लागली. १८८२ च्या मार्च महिन्यात विष्णुशास्त्री ऐन उमेदीच्या वयात निवर्तले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. दोन वर्षांच्या कोवळ्या शाळेचा एक संस्थापक कायमचा गेला आणि दोन आधारस्तंभ तुरुंगात, अशी ही स्थिती. ज्या शाळेचा डोलारा एका माणसाच्या बुद्धीवर उभा असतो, ती अशा प्रसंगी कोसळते. हे विद्यालय कोसळले नाही. उरलेल्या सहकाऱ्यांनी ते चालू ठेवले. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले गेले.

या सोसायटीची घटना पाहण्यासारखी होती. शिकवणारे हेच संस्थेचे आजीव सभासद असत. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याची ते प्रतिज्ञा करीत. महिना पंचाहत्तर रुपये हे त्या वेतनाचे परिमाण पुढे प्रसिद्धच झाले. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तेही याच वेतनावर. संस्थेचा मालक वेगळा आणि शिक्षक त्याचे नोकर, असा प्रकार तेथे नव्हता. अभ्यास काय असावा, नवा मनुष्य कोण घ्यावा, पैसा कोठे खर्च करावा, हे शिकवणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवायचे. शिक्षकांचा व्यावसायिक समाज असे आज ज्याला म्हणतात, त्याचे हे एक पूर्ण रूप होते.

त्यातून प्रत्यक्ष अध्यापनाला काय लाभले, याचेही एक सुंदर उदाहरण आहे. गोपाळ कृष्ण गोखले तरुणपणी या शाळेत शिकवू लागले, तेव्हा बापट नावाच्या आपल्या एका सहकाऱ्याच्या सोबतीने त्यांनी अंकगणिताचे एक पुस्तक तयार केले. ते टिळकांना दाखवण्यात आले. टिळक स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी ते पसंत करून प्रसिद्ध करण्यास उत्तेजन दिले. पुढे ते पुस्तक अनेक शाळांतून चालले. पुढील आयुष्यात ज्यांचे मार्ग इतके भिन्न झाले, त्या दोन पुरुषांना एका काळी मुलांच्या उदाहरणांच्या पुस्तकाने एकत्र आणले होते, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला सांगण्याजोगी आहे.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. आजीव सभासदांनी बाहेरची कामे करावीत की नाहीत, वेतनाच्या बाबतीत मूळच्या त्यागाला कितपत चिकटून राहावे, अशा प्रश्नांवर सोसायटीत तीव्र मतभेद झाले, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. म्हणजे सहकार्य असले की भांडण होत नाही, असे मुळीच नाही. उलट, जेथे सर्वांना बोलण्याचा अधिकार असतो तेथेच मतभेद उघड होतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ती नंतरची. टिळक गेल्याने गणिताची जागा मोकळी झाली. गोखल्यांनी धोंडो केशव कर्व्यांना बोलावले आणि १८९१ साली कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. वर्गांचे काम पुढे चालले. पुढे स्त्रीशिक्षणाच्या कार्याने अमर झालेले महर्षी कर्वे पुण्यात आले ते अशा रीतीने, सहकारी म्हणून.

पुण्याच्या या उदाहरणासारखेच दुसरे आपल्या अगदी निकट आहे. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी बेळगावात सात तरुण शिक्षकांनी मिळून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आपण जिला के.एल.ई. म्हणून ओळखतो ती संस्था स्थापन केली. बसवनाळ, साखरे, ममदापूर आदी या सात जणांना कन्नड समाज आजही ‘सप्तर्षी’ म्हणून गौरवतो. एका शाळेपासून आरंभ झालेल्या या कामाचा वेलविस्तार असा झाला की, १९४७ साली आपल्या हुबळीत भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. आज त्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झालेले आहे. हुबळी-धारवाड रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, त्या भव्य इमारतींच्या मुळाशी सात शिक्षकांनी एकत्र येऊन केलेला संकल्प आहे? धनिकांच्या देणग्या नंतर आल्या; आधी माणसे एकत्र आली.

स्त्रीशिक्षिकांच्या सहकार्याचा उल्लेख केल्यावाचून ही परंपरा पूर्ण होत नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि पुढे मराठी ‘शिक्षण पत्रिका’ चालवून बालशिक्षणाचे विचार गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोहोचवले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांना कुरणातच शिकवावे, हे मार्ग या दोघींनी प्रत्यक्ष काम करता करता, एकीचा अनुभव दुसरीच्या विचाराशी ताडून पाहत शोधले. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी ते काम पुढे आपल्या अखेरपर्यंत सांभाळले. एकीचे ज्ञान दुसरीच्या ठायी आधीच रुजलेले होते, म्हणून हे शक्य झाले.

आता एका अशा माणसाची ओळख करून देतो की, ज्याने या गोष्टीचा विचार एका शाळेपुरता न करता सबंध देशासाठी केला. जे. पी. नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर भागातील बहिरेवाडी या लहानशा खेड्यात झाला. योगायोग असा की, आपण शिक्षकदिन पाळतो तोच हा दिवस. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले ते आपल्या धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात, आणि स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवासानंतर त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले तेही धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी. पुढे १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने शिक्षण आयोग नेमला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. १९६६ साली सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालात एक सूचना आहे. तिचे नाव ‘शाळा-संकुल’.

संकुलाची कल्पना सोपी आहे. एक माध्यमिक शाळा मध्यभागी धरावी आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात. माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय सर्वांना उपयोगी पडावे; शिक्षकांनी ठरावीक दिवशी एकत्र यावे, अभ्यासाची आखणी मिळून करावी, नव्या पद्धती एकमेकांना दाखवाव्यात. प्रत्येक शाळा आपापल्या कोषात एकटी राहते, ते एकटेपण मोडावे, हा त्यामागील उद्देश आयोगाने स्पष्ट सांगितला आहे. चौथीपर्यंत एका शाळेत शिकलेले मूल पुढे दुसऱ्या शाळेत जाते. पण पहिल्या शाळेच्या गुरुजींची आणि दुसऱ्या शाळेच्या बाईंची गाठ कधी पडलेली नसते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. संकुलाची सूचना पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा उचलून धरली आहे. त्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत, अशीही अपेक्षा व्यक्त केली आहे. चोपन्न वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, यावरून तिची गरज आणि तिची अडचण दोन्ही कळून येतात.

एकत्र बसून शिक्षकांनी नेमके करायचे तरी काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. याचे उत्तर जपानमधील एका प्रघातात उत्तम प्रकारे सापडते. तेथे त्याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात; त्याचा अर्थ पाठाचा अभ्यास. त्याची रीत अशी. एका विषयाचे तीन-चार शिक्षक एकत्र बसतात आणि मुलांना अवघड जाणारा एकच धडा निवडतात. त्या धड्याचे टाचण सर्वांनी मिळून तयार करायचे. मुले कोठे अडखळतील, कोणते चुकीचे उत्तर देतील, त्या वेळी काय विचारावे, याचा आधीच तपशीलवार अंदाज घ्यायचा. मग त्यांपैकी एकाने तो पाठ प्रत्यक्ष वर्गात द्यायचा आणि इतरांनी वर्गाच्या कडेला उभे राहून पाहायचे. येथे एक मर्म आहे. पाहणाऱ्यांनी आपले लक्ष शिकवणाऱ्याकडे न ठेवता मुलांकडे ठेवायचे असते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने कोणत्या क्षणी पेन्सिल खाली ठेवली, खिडकीजवळच्या मुलीने उत्तर खोडून पुन्हा का लिहिले, हे टिपून घ्यायचे. शाळा सुटल्यावर सर्वांनी पुन्हा बसायचे, टिपणे वाचायची, टाचणात दुरुस्ती करायची आणि तोच पाठ दुसऱ्या शिक्षकाने दुसऱ्या वर्गात द्यायचा.

या रीतीचा मोठा गुण असा की, टीका पाठावर होते, माणसावर होत नाही. टाचण सर्वांचे असल्यामुळे फसले तरी सर्वांचेच फसते. त्यामुळे शिकवणाऱ्याला वर्गात सहकारी आल्याचा संकोच वाटत नाही. तपासनीस मागे येऊन बसला की शिक्षक त्या दिवसापुरता दिखाऊ पाठ देतो. सहकारी येऊन बसला की तो आपली खरी अडचण दाखवतो. जपानमध्ये ही पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. १९९९ साली दोघा अमेरिकन संशोधकांनी आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केल्यावर इतर देशांतही ती आस्थेने अभ्यासली जाऊ लागली.

आपल्याकडेही याच जातीचे काम झालेले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे या प्राथमिक शाळांच्या विभागात विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांनी ज्ञानरचनावादाच्या तत्त्वाने वर्गांचे रूपच बदलले. रांगेने बसून फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी मुले गटागटाने, जमिनीवर आखलेल्या चौकटी-आकृत्यांवर, खडे, काड्या, चिठ्ठ्या अशा साध्या साहित्याने शिकू लागली. एका शिक्षकाला सापडलेली युक्ती शेजारच्या शाळेत जाऊ लागली. २०१५ साली महाराष्ट्रात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास राज्यभरातून हजारो शिक्षक हे वर्ग पाहण्यासाठी तेथे गेले. त्यांना तेथे व्याख्यान ऐकायचे नव्हते. आपल्यासारखाच एक शिक्षक, आपल्यासारख्याच मुलांना, आपल्याइतक्याच तुटपुंज्या साधनांनी कसा शिकवतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. शिक्षकाचा विश्वास शिक्षकावर जितका बसतो तितका परिपत्रकावर बसत नाही.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. हुबळी-धारवाडच्या परिसरात मराठी शाळा थोड्या, आणि त्यांतील पुष्कळ लहान. अशा शाळेत एका विषयाला बहुधा एकच शिक्षक असतो. गणिताच्या शिक्षकाला गणितावर बोलायला शाळेत दुसरा कोणी नसतो. म्हणून मोठ्या शाळेत जे सहकार्य सोयीचे असते, ते लहान शाळेत केवळ सोयीचे राहत नाही. त्यावर शाळेचा जीवच अवलंबून असतो. हे सहकार्य दोन दिशांनी होऊ शकते. एक, निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांनी आपल्याच शाळेत एकत्र येणे. दोन, भाषेची भिंत ओलांडून शेजारच्या कन्नड शाळेतील त्याच विषयाच्या शिक्षकाकडे जाणे. दोहोंची एकेक उदाहरणे देतो.

आपल्या वर्गातील मुलांची घरची भाषा एक नसते. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, तर कोणाच्या घरी माझ्या घरच्यासारखी कोंकणी. आता मराठीच्या वहीत दोन मुलांनी लिंगाची चूक केली असे समजा. एकाने ‘मोठा खुर्ची’ लिहिले, दुसरीने आपल्या धाकट्या बहिणीविषयी ‘ती आली’ असे न लिहिता ‘ते आले’ असे लिहिले. तांबड्या शाईला दोन्ही चुका सारख्याच. पण त्यांची मुळे निराळी आहेत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सर्व नपुंसकलिंगी मानल्या जातात, आणि ‘दोड्ड’ हे विशेषण घराला, झाडाला, खुर्चीला सगळीकडे जसेच्या तसे लागते. तेव्हा मोठा, मोठी, मोठे हा भेद पहिल्या मुलाला नव्यानेच शिकावा लागतो. उलट कोंकणीत लहान किंवा तरुण मुलीविषयी नपुंसकलिंगी रूप वापरण्याची घरगुती रीत आहे. दुसरी मुलगी आपल्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे अगदी शुद्ध बोलते आहे. पहिल्याला सराव हवा, दुसरीला दोन भाषांतील फरक समजावून द्यायला हवा. मराठीच्या शिक्षकाने कन्नडच्या आणि कोंकणी जाणणाऱ्या सहकाऱ्याजवळ बसल्याखेरीज हे निदान होणार नाही, आणि निदान न करता दिलेले औषध लागू पडत नाही.

शब्दांचेही तसेच. ‘अनुमान’ म्हणजे मराठीत तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये त्याचा रूढ अर्थ संशय. ‘अवसर’ म्हणजे मराठीत आणि हिंदीत संधी, कन्नडमध्ये घाई. ‘उपन्यास’ म्हणजे हिंदीत कादंबरी, तर कन्नडमध्ये व्याख्यान. एकाच दिवशी तीन तासांना हे तीन अर्थ कानी पडणाऱ्या मुलाचा गोंधळ उडाला तर त्यात त्याचा काय दोष? मराठी, कन्नड आणि हिंदीच्या शिक्षकांनी दोन दुपारी एकत्र बसून अशा शब्दांची एक यादी केली आणि ती वर्गात लावली, तर हाच गोंधळ मुलांच्या भाषाज्ञानाचे भांडवल होईल.

दुसरे उदाहरण विज्ञानाचे. आपण ज्याला ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणतो, त्याला कन्नड पाठ्यपुस्तकात ‘द्युतिसंश्लेषणे’ म्हणतात. आपली ‘चाल’ ती त्यांचा ‘जव’. ‘वेग’ आणि ‘घर्षण’ मात्र दोन्हीकडे जवळजवळ तेच. मराठी शाळेतून दहावी होऊन पदवीपूर्व महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला हेच विषय इंग्रजीतून शिकावे लागतात, आणि भोवतालचे सहाध्यायी बहुतेक कन्नड शाळांतून आलेले असतात. पहिले काही महिने तो गप्प बसतो. त्याला विषय येत नसतो असे नाही. विषयाचे नाव ओळखू येत नसते. तीन भाषांतील संज्ञांची एक वही दोन्ही शाळांच्या विज्ञानशिक्षकांनी मिळून आठवीपासूनच करवून घेतली, तर हे मौन टळेल. यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. शेजारच्या शाळेपर्यंत जाण्याची इच्छा लागते. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षकांच्या समूहवार समालोचन सभा होतात, माध्यमिक शिक्षकांसाठी विषयवार मंच आहेत. तेथे मराठी शाळेचा शिक्षक कोपऱ्यात बसून न राहता बोलू लागला, तर त्यालाही मिळेल आणि त्याच्याकडून इतरांनाही मिळेल.

हे सर्व इतके उपयुक्त असेल तर ते सर्वत्र होत का नाही? कारणे उघड आहेत. पहिले कारण वेळेचे. तासांमागून तास, त्यात वह्या, परीक्षा, नोंदवह्या, निवडणुका आणि गणना यांची कामे. मोकळा तास मिळाला तरी तो रजेवर असलेल्या शिक्षकाच्या वर्गावर जातो. दुसरे कारण असे की, वरून लादलेल्या सभेला सहकार्याचे नाव दिले जाते. परिपत्रक वाचले, सह्या केल्या, चहा घेतला आणि उठले, याने कोणाच्या पाठात काही फरक पडत नाही. तिसरे कारण मनातले आहे. आपल्याला एखादी गोष्ट शिकवता येत नाही असे सहकाऱ्यापुढे म्हणणे सोपे नसते. शिक्षकाने सर्वज्ञ असावे, ही समाजाची अपेक्षा त्याच्या जिभेवर बसलेली असते. आणि चौथी गोष्ट, एकीच्या नावाखाली एकमेकांचे दोष झाकणे हेही सहकार्य नव्हे. जे विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, ते शिक्षकांना कितीही सुखाचे असले तरी त्याला या लेखातील अर्थाने सहकार्य म्हणता येणार नाही.

यांवर उपाय मोठे नाहीत. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास असा राखावा की, ज्यात एका इयत्तेला शिकवणारे सर्व शिक्षक मोकळे असतील. त्या तासाला एकच धडा किंवा एकाच विद्यार्थ्याची अडचण चर्चेला घ्यावी. जे ठरले ते एका वहीत लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या शिक्षकाला ते मिळेल. आणि सत्रातून एकदा तरी प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून यावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

विद्यार्थिमित्रहो, यात तुमचे काय, असे तुम्ही विचाराल. एक तर तुमच्या वर्गात कधी दोन शिक्षक एकदम आले, तर कोणाची तरी तपासणी चालली आहे असे समजून कुजबुजू नका. तेथे तुमच्याच अडचणीचा शोध चालला आहे असे समजा, आणि नेहमीसारखेच वागा, म्हणजे तो शोध खरा होईल. दुसरे, एखादा भाग कळला नाही तर तसे स्पष्ट सांगा. शिक्षकांच्या वहीतील सर्वांत मोलाची नोंद बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या ‘हे मला समजले नाही’ या वाक्यापासून सुरू होते. आणि शिक्षक जे आपसांत करतात ते तुम्हीही करू शकता. गणित येणाऱ्याने भाषा येणाऱ्याजवळ बसावे, कन्नड घरच्याने मराठी घरच्याला कन्नड सांगावे आणि त्याच्याकडून मराठी घ्यावे. यात कोणाचेच कमी होत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. शाळेची चौकशी करताना आपण निकालाचे आकडे विचारता, इमारत पाहता, शुल्क विचारता. त्याबरोबर एवढेही विचारावे की, या शाळेतील शिक्षक एकमेकांच्या वर्गात जातात काय, आणि आठवड्यातून एकदा तरी मुलांविषयी एकत्र बसून बोलतात काय? ज्या शाळेत याचे उत्तर ‘होय’ असेल, तेथे आपल्या मुलाला एका वेळी एकच शिक्षक शिकवताना दिसला, तरी त्याच्या मागे सर्वांचा अनुभव उभा असेल. ज्या शाळेत उत्तर ‘नाही’ असेल, तेथे ते ‘होय’ व्हावे यासाठी पालकसभेत आग्रह धरावा. शिक्षकांचा वेळ राखून द्यावा, असे व्यवस्थापनाला सांगावे. पुण्याच्या आणि बेळगावच्या त्या तरुण शिक्षकांपाशी आरंभी एकमेकांखेरीज फारसे काही नव्हते. आपल्यापाशी तेवढे तरी खासच आहे.